हिराबाईंच्या गाडीचा फॅन

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त असतात. मी एकोणतीस वर्षांची आहे, दुकान रोज दहाला उघडते, आणि माझ्याकडे निवृत्त झालेली गोष्ट एकच आहे. मीच लिहून छापलेलं एक गुलाबी पत्रक. ते मी मागे का घेतलं हे जाहीरपणे सांगायचं म्हणून संपादकांकडे ही जागा मागितली. पत्रक जाहीर होतं, तर माघारही जाहीर हवी.

सांगलीत माझं रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. जत्रेत मिळतात त्या गाड्या नव्हेत. या गाड्या हातभर लांब असतात, ताशी साठ-सत्तरच्या वेगानं मातीत धावतात आणि त्यांच्या शर्यती लागतात. अशा गाडीची मोटर चहाच्या छोट्या ग्लासात मावेल एवढी असते. ती मिनिटाला तीस-तीस हजार फेरे घेते. एवढ्याशा जिवानं एवढं काम केलं की ती तापणारच. ऐंशी अंशांपर्यंत ठीक. शंभरच्या पुढं गेली की आतल्या चुंबकाची ताकद कमी होऊ लागते, आणि गेलेली ताकद परत येत नाही. त्याच्याही पुढं गेली की तारांवरचा लेप जळतो, पांढरा धूर निघतो, आणि गाडी माझ्या टेबलावर येते.

म्हणून मोटरीला फॅन लावतात. काड्यापेटीएवढा चौकोनी पंखा. मोटरीभोवती पन्हाळीपन्हाळीची अॅल्युमिनियमची पकड बसवायची, तिच्यावर चार स्क्रूंनी फॅन. ऐकायला सोपं आहे, पण यातच माझं पोट चालतं. फॅन केवढा घ्यायचा, तर मोटरीच्या अंगाला पुरेल एवढा. फार मोठा घेतला तर वरच्या टपाला घासतो. वारा कुठल्या बाजूनं निघतो, तर बहुतेक फॅनना ज्या बाजूला चिकटपट्टी असते तिथून. ती बाजू मोटरीकडे हवी. दर महिन्याला कोणीतरी उलटा फॅन बसवून आणतो आणि ‘फॅन चालू हाय की, मग तापतीया कशी?’ म्हणून माझ्याशीच भांडतो. वायर कुठं जोडायची हेही पाहावं लागतं. सहा व्होल्टचा फॅन सरळ बॅटरीवर जोडला तर तो पहिली दहा मिनिटं विमानासारखा ओरडतो आणि मग कायमचा गप्प होतो.

माझे वडील, म्हणजे दादा, माधवनगरला यंत्रमागावर कामगार होते आणि कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पिवळ्या, स्वस्त कागदांवरून. ‘दबू नका’, ‘सही करू नका’, ‘उद्या सकाळी गेटवर या’. आमच्या घरात वाक्य असं असायचं. दादा मला सांगायचे, “मुक्ते, पत्रकात ‘पण’ लिहायचा नाही. ‘पण’ आला की माणूस घरी जातो.” मी ते मनापासून मानलं होतं.

आता माझं पत्रक का निघालं ते सांगते.

कुंडलचे एक निवृत्त सुभेदार माझे जुने गिऱ्हाईक. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, आणि वयाच्या साठीत रिमोटच्या शर्यतीचं वेड. दसऱ्यानंतरच्या रविवारी साताऱ्याला शर्यत होती. तिसऱ्या फेरीत त्यांच्या गाडीतून धूर निघाला. मी तिथंच गाडी उघडली आणि बघतच राहिले. फॅनच्या पात्यांत तांदळाचे दाणे अडकले होते. मोटरीवर हळदीकुंकवाचा ओला थर वाळून बसला होता. झेंडूच्या पाकळ्या पकडीच्या पन्हाळ्यांत शिजल्या होत्या.

“सुभेदारसाहेब, हे काय आहे?”

“पूजा. खंडेनवमीची.” त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. “पल्टणीत रायफलीची करत हुतो, मग मोटरीची नको व्हय?”

“रायफलीच्या नळीत तांदूळ घालत होता?”

“न्हाई. नळी लय साफ लागती.”

“मग?”

“मग चुकलंच म्हणायचं. रिपोर्ट करा माझा.”

सगळे हसले. मी नाही हसले. त्याच रात्री मी पत्रक लिहून काढलं आणि आठवडाभरात ते गुलाबी कागदावर छापून आलं. फॅन घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते पडू लागलं. त्यात असं होतं :

‘फॅन मोकळा ठेवा! फूल नको, अक्षता नकोत, फडकं नको, झाकण नको. फॅनवर काही म्हणजे काही नको! मोटरीचा श्वास अडवणारा हाच मोटरीचा मारेकरी!’

दादांनी ते दोनदा वाचलं. “चांगलं झालंय,” म्हणाले. “कुठंही ‘पण’ नाही.” मला पदक मिळाल्यासारखं वाटलं.

जानेवारीत सुभेदार एका बाईंना घेऊन आले. हिराबाई. आटपाडीच्या पुढच्या माळावर त्यांची वस्ती, घरी सून आणि बेचाळीस मेंढरं. साठीच्या आतबाहेरच्या, उजवा पाय ओढत चालणाऱ्या. त्यांचा मुलगा सर्जेराव फौजेत, सुभेदारांच्याच जुन्या पल्टणीत. त्यानं हौसेनं घेतलेली मोठ्या चाकांची गाडी हिराबाईंनी गोणपाटात गुंडाळून आणली होती. मोटर जळालेली. फॅन मुळातच नव्हता.

“मुलगा शर्यत खेळतो का?” मी विचारलं.

“त्यो कुठला खेळतोय. मीच फिरवती की.”

“तुम्ही?”

सुभेदारांनी खिशातून फोन काढून मला चित्रफीत दाखवली. मी दोन वर्षं या धंद्याबद्दल लोकांना शिकवत होते. ती चित्रफीत मी तीनदा मागं नेऊन पाहिली. माळावर एका दगडावर हिराबाई बसल्या आहेत. पदराखाली रिमोट. गाडीला घुंगरू बांधलेलं आणि तिच्यावर उभ्या काठीला लाल चिंधी. मेंढरं एका बाजूला पांगायला लागली की गाडी त्यांच्या कडेनं हळूहळू जाते, घुंगरू वाजतं, आणि सगळा कळप वळतो. घाई नाही, आरडाओरड नाही. शर्यतीत पहिला येणारा एकही माणूस मी इतक्या हलक्या हातानं गाडी चालवताना पाहिला नव्हता.

“बांधावरनं पडले, गुडघा गेला,” हिराबाई म्हणाल्या. “कुत्रं हुतं त्येबी मेलं. पोरगा म्हणतोय, मेंढरं इकून टाकू, तू बस घरात. मी म्हणले, घरात बसून काय भिंतीला वळवू? ही गाडी वळवतीया बघ मेंढरं. त्यो शिमग्याला सुट्टीवर येणार हाय. म्हणलाय, सुट्टीभर गाडी एकदाबी बंद पडली न्हाई तर मेंढरं ठिवू. पडली तर इकू. मी व्हय म्हणले.”

“एकदाही नाही?”

“एकदाबी न्हाई. फौजेतला हाय त्यो. शब्द म्हंजी शब्द.”

मी पेटून उठले. ही गाडी बंद पडणार नाही, असं मी त्यांना सुभेदारांसमोर सांगितलं. नवी मोटर, दुप्पट रुंदीची पकड, आणि तिच्यावर एक नाही, दोन मोठे फॅन. माळावरची धूळ ध्यानात घेऊन दोन्ही फॅनवर बारीक तारेची जाळी बसवली. गाडी हातात दिली, आणि वर गुलाबी पत्रक ठेवलं.

“मला वाचाया येत न्हाई,” त्या म्हणाल्या.

“सुनेकडून वाचून घ्या. यातला शब्द न् शब्द पाळायचा.”

“पाळती की,” त्या म्हणाल्या. आणि त्यांनी पाळला.

शिमग्याच्या आठवड्यात सुभेदार गाडी घेऊन परत आले. सर्जेराव येऊन सहा दिवस झाले होते. मोटर जळाली होती. मी पकड उघडली. दोन्ही फॅन लोकरीनं गच्च भरलेले. पात्यांभोवती लोकर पिळवटून तिचा जाडजूड नमदा झाला होता. फॅन आधी अडकले, मग जळले, मग मोटर गेली. आणि जाळ्या गायब.

माझं डोकं फिरलं. एवढं सांगून, छापून देऊन! मी हिराबाईंच्या सुनेच्या फोनवर निरोप पाठवला की पत्रक वाचलेलं दिसत नाही, नियम पाळायचे नसतील तर मोटरी जाळण्यात माझाही वेळ घालवू नका. गाडी मी मुद्दाम बाजूला ठेवली. त्यांनी चूक कबूल करावी, मग हात लावीन. असा माझा बाणा. त्यांनी बेस्तरवारच्या, म्हणजे गुरुवारच्या, आत गाडी मागितली होती, कारण बेस्तरवारी व्यापारी मेंढरं बघायला येणार होता. हे मला माहीत होतं. तरी गाडी चार दिवस फळीवर पडून राहिली. हे चार दिवस मी लिहिते आहे, कारण ते कुठल्याच पत्रकात कधी आले नसते.

बुधवारी सकाळी हिराबाईंनी स्वतः फोन केला.

“पोरी, कागद तीन बार वाचून घेतला. सुनेनं शेजारणीलाबी वाचून दावला.”

“मग जाळ्या कुठं गेल्या? मी बसवलेल्या जाळ्या?”

“काढल्या की.”

“का?”

“का म्हंजी? तूच ल्हिलंयस न्हवं. फॅनवर काय म्हंजी काय नको. श्वास अडवायचा न्हाई. म्या म्हणले, ही जाळी बाईकडनं चुकून ऱ्हायली असंल. दुकानात गडबड असती. काढून टाकली. नीट ठिवलीया, परत देती तुला.”

ती जाळी कशासाठी आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगितला होता तो फक्त नारा. माझ्या हातानं बसवलेली वस्तू आणि माझ्या हातानं लिहिलेलं वाक्य यांत त्यांनी वाक्याला जास्त मानलं.

“तुमच्या मनात आलं नाही, विचारावं एकदा?”

“छापलेलं काय इचारायचं, पोरी?”

मला त्यांच्याकडे माफीसुद्धा नीट मागता आली नाही. गाडी उद्या सकाळी घेऊन येते, एवढंच म्हणाले आणि टेबलाशी बसले.

दादा दुकानात पेपर वाचत होते. हल्ली ते दुपारपर्यंत माझ्याकडेच असतात. मी लोकर उपटत होते आणि मनाशी बोलत होते की आता तीन फॅन लावू, मोठी जाळी लावू. दादांनी चष्मा वर केला.

“मेंढरू किती जोरात चालतं गं?”

“किती म्हणजे? माणसाएवढंच.”

“आणि ही गाडी कितीच्या बेतानं केलेली?”

“साठ.”

“मग साठची गाडी चारनं चालवताना त्या मोटरीला काय होतं?”

याचं उत्तर मला झोपेतसुद्धा देता येतं. मोटरीच्या दांड्यावर एक छोटं दातेरी चाक असतं, पिनियन. त्याला दात जास्त असतील तर गाडी पळते, पण मोटरीवर भार येतो. कमी असतील तर गाडी हळू जाते आणि मोटर निवांत राहते. हिराबाईंच्या गाडीला वीस दातांचं पिनियन होतं, शर्यतीचं. ढेकळांतून, चढावर, तासन्‌तास, गोगलगाईच्या चालीनं ओढत असलेली मोटर आतून रडत असणार. पिनियन बदलायला दहा मिनिटं लागतात. मी ते मोजलंही नव्हतं. मला गाडी तापते आहे एवढंच दिसलं होतं, आणि तापतंय म्हटलं की फॅन.

दादा पेपर घडी करत म्हणाले, “आमच्या शेडमध्ये एकेकाला चार माग बघायचे होते, त्याचे सहा केले. माणसं चक्कर येऊन पडायला लागली. मग मालकानं काय केलं आठवतं का तुला? तू लहान होतीस.”

मला आठवत होतं. मालकानं छताला मोठे पंखे लावले. आणि दादांनी रातोरात पत्रक काढलं. मी ते जमिनीवर पालथी पडून मोठ्यानं वाचलं होतं. ‘पंखा नको, माग कमी करा!’

मी वीस वर्षं ज्या मालकाचा राग करत आले त्यानं जे केलं होतं, तेच मी त्या मोटरीला केलं होतं. एक नाही, दोन पंखे लावून. वर अभिमानानं.

दादांनी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “आता कर दुरुस्त. रडायला पुढं वेळ आहे.”

मी तेरा दातांचं पिनियन चढवलं. नवी मोटर, एकच फॅन. जाळी फॅनला चिकटवून लावली की लोकरीचा पहिला थर बसल्याबरोबर वारा बंद होतो, म्हणून ती लांब आणि ऐसपैस हवी. घरातली चहाची गाळणी कापली आणि टपाच्या वर टोपीसारखी बसवली. लोकर वर साचली तर बोटानं पुसून टाकता यावी. आईनं गाळणीबद्दल जे म्हटलं ते या अंकात छापण्याजोगं नाही. संध्याकाळपर्यंत गाडीला मागं दोरीनं ओझं बांधून चढावर चालवली. तापमान मोजण्याचं यंत्र पन्नाशीच्या वर गेलं नाही. हे जानेवारीतच करता आलं असतं.

गुरुवारी सकाळी सुभेदारांची जीप दाराशी आली.

“बसा, पत्रकवाल्या बाई.”

“साहेब, आज नको.”

“बरं, न्हाई म्हणत.” विट्याच्या पुढं गेल्यावर त्यांनी जीपचा वेग कमी केला. मग म्हणाले, “सर्जेराव माझ्या हाताखालचा. शब्दाचा पक्का हाय. त्यात त्याचा दोष न्हाई.”

“दोष माझा आहे.”

“ते त्याला सांगा. मला सांगून काय उपेग?”

आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा माळावर टेम्पो उभा होता आणि फळी लावून मेंढरं चढवत होते. हिराबाई घरापुढच्या दगडावर बसल्या होत्या, हात मांडीत, काही न करता. सर्जेराव तिशीचा, उंच, केस बारीक कापलेले. सुभेदारांना पाहून त्यानं पाय जुळवले.

मी गाडी खाली ठेवली आणि घसा साफ न करताच सुरू केलं. “सर्जेराव, गाडी तुमच्या आईच्या चुकीनं बंद पडली नाही. मी छापून दिलं ते त्यांनी पाळलं. माझं छापलेलं चुकीचं होतं. मोटर कशानं तापते तेही मी नीट पाहिलं नव्हतं. आणि नंतर चार दिवस गाडी रागानं ठेवून घेतली.”

व्यापारीसुद्धा थांबून ऐकत होता. सर्जेरावनं माझ्याकडे पाहिलं. “ह्ये लेखी देणार का, ताई? तुमी सगळं लेखी देता न्हवं.”

“देणार.” (हाच तो लेख.)

तो वळून टेम्पोकडे गेला, व्यापाऱ्याशी बोलला. व्यापारी मान हलवत होता. बोलणं वाढलं. सर्जेराव परत आला आणि आईपुढं उकिडवा बसला.

“आय, एकवीस चढली. ती गेली. त्यो म्हणतोय, चढलेली उतरवायची न्हाईत, सौदा झालाय. खालची एकवीस ऱ्हातील. पण गाडी चालली तर. माझी सुट्टी अजून नऊ दिस हाय.”

हिराबाईंनी विचारलं, “काळ्या तोंडाची चढली?”

“चढली.”

त्यांनी माझ्या हातातला रिमोट घेतला आणि पदराखाली धरला, जसा चित्रफितीत धरला होता.

टेम्पोची फळी वर गेली. आतून मेंढरं ओरडायला लागली. गाडी सुरू झाली, आणि तेव्हा जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. शहरातल्या माणसाला नसतेच. खाली राहिलेली एकवीसच्या एकवीस मेंढरं त्या आवाजामागं धावत सुटली. काही कोकरं होती, ज्यांच्या आया टेम्पोत होत्या. काही आया होत्या, ज्यांची कोकरं टेम्पोत होती. सर्जेराव पळाला, सुभेदार पळाले, मी पळाले. आमच्या बाजूंनी मेंढरं पाण्यासारखी निघून गेली.

मग घुंगरू वाजलं.

गाडी आमच्या पायांजवळून गेली. शर्यतीसारखी उधळत नव्हती, पण थांबतही नव्हती. ढेकळांवरून चढत, उतरत, तिनं कळपाच्या पुढचा कोपरा गाठला आणि आडवी झाली. पहिलं मेंढरू थबकलं. गाडी मागं सरली, डावीकडे गेली, उजवीकडे आली, पुन्हा आडवी. हिराबाई दगडावरून उठल्या नव्हत्या. टेम्पो ओढा उतरून पलीकडच्या चढाला लागेपर्यंत, त्याचा आवाज आणि आतला आवाज विरेपर्यंत, त्यांनी ती चिमुकली गाडी भिंतीसारखी धरून ठेवली. आपल्याच जनावरांना त्यांच्या आयांमागं जाऊ न देणं, हे त्या गाडीचं दुरुस्तीनंतरचं पहिलं काम होतं. मी ती त्याच कामासाठी तयार करून आणली होती.

मेंढरं वळली. गाडी परत आली आणि हिराबाईंच्या पायाशी उभी राहिली. सर्जेराव बाजूला उभा राहून धापा टाकत होता. त्यानं मान हलवली, एकदाच. गाडी चालली होती.

हिराबाई वाकल्या. गाळणीवर बसलेली लोकर त्यांनी बोटानं पुसून घेतली आणि टाकून न देता मुठीत धरली. मग दुसरा हात टपाखाली घालून मोटरीवर ठेवला.

“गार हाय गं, पोरी,” त्या म्हणाल्या. “चांगलं केलंस.”

त्या ओढ्यापलीकडच्या रस्त्याकडे बघत होत्या. मोटरीवरचा हात त्यांनी बराच वेळ काढला नाही.